राखाडी बाई

लातूरमधल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एका सामाजिक संस्थेचे कार्यालय आहे. तिथल्या भिंतींवर शब्द थोडे आणि चित्रे पुष्कळ. बाळाला लस केव्हा टोचावी, पाण्याची टाकी कशी धुवावी, रेशनचे धान्य कमी मिळाले तर कोणाकडे जावे, हे सारे तिथे रंगांनी आणि आकृत्यांनी सांगितलेले असते. कार्यालयातली मंडळी या चित्रांना इन्फोग्राफिक म्हणतात, सरकारी पत्रांत त्यांचे ‘माहितीचित्र’ होते आणि गावोगावचे लोक नुसते ‘बोर्ड’ म्हणतात. संस्थेच्या प्रमुख पंचशीलाताई प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत, “बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईला बस येण्याच्या आत कळलं पाहिजे. तिला वाचायला लावलं, तर आपलं चुकलं.”

तनुजाने हा नियम मनापासून पाळला होता. उदगीर तालुक्यातल्या तिच्या स्वतःच्या गावाने ग्रामसभेत ठराव घेतला होता, की विधवा बाईला कोणत्याही शुभकार्यातून वगळायचे नाही. ठराव गावाला समजावा म्हणून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावायचे माहितीचित्र संस्थेने तिच्याकडे दिले. कागदाचे दोन भाग. डावीकडे ‘आज’, उजवीकडे ‘उद्या’. डावीकडे एक घर, अंगणात मांडव, पाटावर नवरी आणि तिच्याभोवती हळद लावणाऱ्या पिवळ्या रंगातल्या बायका. त्यांच्या मागे पडवीत मात्र एक राखाडी बाई, एकटी, मान खाली घालून बसलेली. उजवीकडे तेच घर, तेच अंगण, पडवी मात्र मोकळी. खाली एकच ओळ होती : ‘आमच्या गावात आता मागे कोणी नाही.’

पंचशीलाताई चित्रासमोर थोडा वेळ उभ्या राहिल्या. “काही विचारावंच लागत नाही गं,” त्या म्हणाल्या. “ती राखाडी बाई एकदम डोळ्यात भरते.”

तनुजाला आनंद झाला. राखाडी बाई तिने कल्पनेने काढलेली नव्हती. ती तिची वहिनी शिवकन्या होती. मागे सुट्टीत गावी गेली असताना तिने वहिनीला पडवीत बसवून मोबाइलवर फोटो घेतला होता. “वैनी, जरा खाली बघा. अजून थोडं,” असे सांगून तिची मान तिने हवी तशी वाकवून घेतली होती. शिवकन्येने विचारले, “फोटू कशाला?” तनुजा म्हणाली, “कामासाठी.” त्या फोटोवरून रेघ ओढून आकृती तयार झाली. घरही तिचेच होते. आपल्या घराची मांडणी डोळे मिटून काढता येते, एवढाच त्यामागचा विचार.

छपाईच्या वेळी पहिल्या फ्लेक्सच्या कडेचा रंग पसरला, म्हणून दुसरा छापावा लागला. चांगला ग्रामपंचायतीकडे गेला. बिघडलेल्याची गुंडाळी तनुजाने काखेत मारली आणि ती उदगीरच्या बसमध्ये बसली. घरी धाकट्या बहिणीचे, शिवांगीचे, म्हणजे सगळ्यांच्या शिवीचे लग्न होते. लग्नघरात फ्लेक्सचा तुकडा कुठेही उपयोगी पडतो.

*

सटवाजी आणि केवळाबाई यांना तीन मुले. थोरला लखन, मग तनुजा, मग शिवांगी. लखनचे लग्न झाले तेव्हा शिवांगी पाटीवर अक्षरे गिरवत होती. केवळाबाई दिवसभर रानात असे. त्यामुळे शिवांगीची वेणी घालणे, डबा भरणे, तापात रात्र काढणे हे सारे नव्या सुनेकडे आले. शिवकन्येला स्वतःचे मूल झाले नाही, पण ते दुःख तिने कधी बोलून दाखवल्याचे कोणाला आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी देगलूर रस्त्यावर लखनची मोटारसायकल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आदळली. तेव्हापासून शिवकन्या त्या घरात सगळी कामे करीत होती आणि कोणत्याही कार्यात नव्हती.

तनुजा पोचली तेव्हा शिवकन्या शिवांगीच्या केसांना तेल लावत होती.

“हालू नको गं. उद्या सासरला गेल्यावर अशीच मान वळवत बसशील, तर सासू म्हनंल, पोरगी हाय का कोंबडी.”

“म्हनू दे. मी सांगंन, वैनीनं शिकवलंय.”

“मलाच बोल लाव. आन् तुमी बसा ताई, उन्हातून आलाव. च्या ठेवते.”

शिवकन्या आत गेल्यावर शिवांगीने बहिणीचा हात धरला. “ताई, हळदीला मला आदी वैनीचा हात पायजे. मंग बाकीच्यांचा. मी आईला म्हनलं, तर ती रडायलाच लागली. तू बोल.”

“मी?”

“मंग कोन? गावभर बोर्डावर तेच काढून राहिलीस. घरात म्हनायला काय झालं?”

“बोलते मी.”

“नक्की?”

“बोलते म्हटलं ना.”

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर बोर्ड लागला. सरपंच गुरुबसप्पा यांनी नारळ फोडला. शेजारच्या गुणाबाईने बोर्डाजवळ जाऊन पाटावरच्या नवरीवर बोट ठेवले आणि म्हटले, “ही शिवीच की. नाक बी तसंच हाय.” बायका हसल्या. केवळाबाई मागे उभी होती. तिला वाचता येत नव्हते, पण भोवतालच्या बायकांना ती सांगत होती, “माझ्या तनूनं काढलंय.” त्या दिवशी आईच्या चेहऱ्यावर अभिमान पाहून तनुजाला वाटले, आता बोलणे सोपे जाईल.

*

हळदीच्या सकाळी अंगणात मांडव उभा होता. नवरदेव भागवत कंधारचा. तिकडून त्याची उष्टी हळद घेऊन त्याची आत्या नागाबाई आणि दोन-तीन बायका जीपने निघाल्या होत्या. केवळाबाई ओट्यावर सुपारी, खोबरे, हळकुंडे ताटात मांडत होती. तनुजा तिच्याजवळ जाऊन बसली.

“आई, पहिली हळद वैनी लावतील.”

केवळाबाईचा हात थांबला नाही. “काय बोलतीस?”

“आपल्या गावानं ठराव घेतलाय.”

“गावानं घेतलाय. कंधारानं घेतलाय का?”

केवळाबाईने ताट बाजूला सरकवले. तिचा आवाज खाली आला. “तनू, माझा लेक गेलाय. त्या पोरीकडं बगून माझं काळीज तुटत न्हाई का? पर उद्या शिवीला तिकडं काय झालं, ताप आला, पाय घसरला, तरी म्हनतील, हळद कोनी लावली व्हती. तेवा शिवीनं काय करायचं? तू येनार हाईस का तिकडं बोर्ड घेऊन?”

चर्चासत्रात या प्रश्नाला तनुजाकडे उत्तर असे. त्यासाठी तिने एक वेगळे चित्रही बनवले होते. आईच्या डोळ्यांसमोर तिला त्यातले काही आठवले नाही. खरे सांगायचे तर आठवले, पण तिने तोंड उघडले नाही. लग्नघर आहे, वाद नको, असे तिने स्वतःला समजावले. पुष्कळ सुशिक्षित माणसे आपला भेकडपणा याच शब्दांत झाकतात.

“आन् ऐक,” केवळाबाई म्हणाली, “आतल्या खोल्यांत पाव्हने बसतील. शिवकन्या पडवीत बसून भाज्या निवडंल. पर पडवी मांडवातून समोरच दिसती. काय तरी आडोसा बांध.”

तनुजा उठली. चादर शोधली, ती गादीवर घातलेली होती. ताडपत्री धान्यावर होती. मग कोपऱ्यातली ती गुंडाळी तिच्या हाताला लागली. पडवीच्या दोन खांबांना सुतळी बांधून तिने फ्लेक्स ताणून धरला. छापील बाजू मांडवाकडे बरी दिसणार नाही म्हणून ती आत केली आणि पांढरी बाहेर. गाठ मारताना आपण काय बांधत आहोत हे तिला कळत होते. तिने गाठ पक्की केली.

पडवीत शिवकन्या मेथीच्या जुड्या सोडत बसली होती. फ्लेक्स खाली उतरत असताना तिने फक्त पाय आत ओढून घेतले.

*

कंधारची मंडळी आली. चहापाणी झाले. शिवांगी पाटावर बसली, तिने आधी चारी बाजूंना पाहिले आणि मग तनुजाकडे. तनुजा करवल्यांच्या हातांना मेंदी नीट वाळली आहे का ते पाहू लागली. शिवांगीने नजर पाटाखालच्या रांगोळीवर वळवली. त्यानंतर हळद संपेपर्यंत तिने ती उचलली नाही.

गुणाबाईने पहिली हळद लावली. “दोन्ही गालाला सारखी लावा गं. न्हाईतर नवरा म्हनंल, एकच बाजू पाठवली.”

“एकच पाठवा की,” नागाबाई म्हणाली. “आमच्या भागवतला तेवढी बी झेपत न्हाई. घरात मांजर आलं तरी उठून जागा देतो त्यो.”

मांडव हसला. केवळाबाईही हसली. गाणे सुरू झाले, हळदीचा वास उन्हात दाटला. तेवढ्यात नागाबाईने सहज विचारले, “नवरीची वैनी दिसंना कुठं? नवरीसंगं फोटूत बगितली व्हती. पोरीला तिनंच वाढवलं म्हनून भागवत सांगत व्हता.”

गाणे म्हणणाऱ्या बायकांतल्या एकीचा सूर खाली गेला. गुणाबाई चटकन म्हणाली, “हाय की. सैपाकाचं बगती. ती लई कामाची बाई.”

पांढऱ्या फ्लेक्समागे मेथी निवडण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

हळद उरकली. बायका ओट्यावर फराळाला बसल्या. तनुजाने एका ताटलीत लाडू आणि चिवडा घेतला आणि फ्लेक्सच्या कडेने ती पडवीत शिरली. आत उजेड रंगीत झाला होता. बाहेरचे ऊन फ्लेक्समधून झिरपत होते आणि चित्रातल्या पिवळ्या बायका जणू दिव्यासारख्या पेटल्या होत्या. शिवकन्या त्यांच्यासमोर बसली होती. मेथी निवडून झाली होती. हात मोकळे होते.

“वैनी, खाऊन घ्या.”

“ठेवा.” शिवकन्येने बोट वर केले. “ही मीच न्हवं?”

तनुजाने होकारार्थी मान हलवली.

“तेच म्हनलं. वळखलं मी. त्या दिवशीचा फोटू. बरोबर काढलंय तुमी. जागा बी बरोबर हाय.” तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तनुजाला तिथे उभे राहणे अधिक अवघड झाले. “मंग मी पलीकडं बगितलं. ‘उद्या’ म्हनून लिवलंय तिथं. पडवी मोकळी हाय. म्हनलं, बरं झालं, उटली बाई. मंग अंगनात हुडकाया लागले. ही गुनामावशी, ही तुमी वेणीवाल्या, ही शिवी. त्याच बाया, तितक्याच. मी कुठं हाय ताई? मला कुठं नेलं?”

तनुजाने वळून चित्राकडे पाहिले.

उजवा भाग तिने डाव्यावरूनच बनवला होता. संपूर्ण घर उचलून बाजूला ठेवले, पडवीतली राखाडी आकृती पुसली आणि काम झाले असे मानले. पुसलेली बाई अंगणात आणायची राहून गेली होती. ती विसरली होती, पंचशीलाताईंनी पाहिले नव्हते, ग्रामसभेने टाळ्या वाजवल्या होत्या. ‘आमच्या गावात आता मागे कोणी नाही’ हे वाक्य अक्षरशः खरे होते. मागे कोणी नव्हते, कारण ती बाई कुठेच नव्हती.

शरम अनावर झाली की माणूस काही तरी करून मोकळा होऊ पाहतो. तनुजाने सुतळीची गाठ ओढली, ती सुटेना, म्हणून हिसडा दिला. फ्लेक्स एका बाजूने सुटून मांडवात लोळला.

ओट्यावरच्या साऱ्या बायका वळल्या. समोर पडवीत शिवकन्या बसलेली, पुढ्यात मेथीचे देठ, शेजारी ताटली. कोणाचा घास तोंडात, कोणाचा हातात. केवळाबाईने पदर तोंडाला लावला. शिवांगी हळदीच्या अंगाने पाटावरून अर्धी उठली.

“पहिली हळद यांनी लावायला हवी होती,” तनुजा मोठ्याने म्हणाली. “मीच बांधला होता हा आडोसा.”

नागाबाईने ताटली खाली ठेवली. “आमच्याकडून काय न्हाई बाई,” ती सावकाश म्हणाली. “आमाला कोनी इचारलंच न्हाई. तुमच्या घरचं तुमी बगा.”

इतका वेळ ज्या कंधारला सारे घर भीत होते, ते कंधार एवढेच बोलले. हे वाक्य नागाबाई खरेच मनापासून बोलली, की लाजेखातर, हे कळायला आता मार्ग नव्हता. विचारण्याची वेळ होती तेव्हा कोणी विचारले नव्हते.

शिवकन्या उठली. लुगड्यावरचे देठ तिने झटकले आणि तनुजाजवळून जाताना, तिला एकटीलाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “झाकायला बी तुमीच, आन् उघडं पाडायला बी तुमीच. मला एकदा तरी इचारायचं ताई.”

ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतले.

*

दुसऱ्या दिवशी लग्न लागले. शिवकन्या मांडवात आली नाही, आणि या वेळी तिला कोणी थांबवले होते असेही नव्हते. सटवाजी सकाळी तिच्या दाराशी जाऊन म्हणाला होता, “पोरी, चल की.” आतून उत्तर आले, “नको मामा. आज नको.” तो थोडा वेळ दाराशी घुटमळला आणि पागोटे सारखे करीत परतला.

पाठवणीच्या वेळी शिवांगी ‘देवाच्या पाया पडून येते’ म्हणून आत गेली. ती बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. केवळाबाईने लेकीचा पदर सारखा करायला हात नेला आणि तो हात तिथेच थबकला. शिवांगीच्या उजव्या कानामागे हळदीचे ओले बोट उमटले होते. लहानपणी दृष्ट लागू नये म्हणून वहिनी तिला जिथे काजळाची तीट लावीत असे, अगदी तिथेच. कोणाला दिसणार नाही अशा जागी.

तनुजानेही ते पाहिले. ज्या हाताने ती पोर वाढवली, त्या हाताला तिच्या अंगावर बोटभर जागा चोरून घ्यावी लागली होती. केवळाबाईने पदर ओढून कान झाकला. ती ते लपवत होती की जपत होती, हे तिलाही सांगता आले नसते. गाडी हलली तेव्हा ती लेकीसाठी रडली, आणि मध्येच तिच्या तोंडून लखनचे नाव आले.

*

लातूरला परतल्यावर तनुजा आधी पंचशीलाताईंकडे गेली. तेच चित्र आणखी काही गावांसाठी छपाईला निघाले होते. “ते थांबवा,” ती म्हणाली आणि तिने कारण सांगितले. घरातले सगळे सांगितले, सुतळीच्या गाठीसकट. पंचशीलाताईंनी चित्र उघडले. डाव्या अंगणातून उजव्या अंगणात त्यांची नजर गेली, पुन्हा मागे आली. शेवटी त्या म्हणाल्या, “कौतुक मीच केलं होतं. मलाही ती नसलेली दिसली नाही.”

मग तनुजाने गुरुबसप्पांना फोन केला.

“बोर्ड कामून काढायचा?” सरपंच म्हणाले. “लोकं फोटू काढून राहिलेत त्याच्यापाशी.”

“त्यात आमच्या वैनी नाहीत.”

“हायेत की. मागं पडवीत.”

“उद्यामध्ये नाहीत.”

“थांबा,” ते म्हणाले, आणि बहुधा भिंतीपर्यंत चालत गेले. बऱ्याच वेळाने त्यांचा आवाज आला, पहिल्याहून हळू. “खरंच की. काढतो.”

तिसरा फोन करायला तिला संध्याकाळ लागली. शिवकन्येने उचलला तेव्हा मागे भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

“वैनी, चित्र दुरुस्त करते आहे. त्यात तुम्हाला काढू का? नको म्हणालात तर नाही काढणार.”

थापण्याचा आवाज थांबला.

“मला इचारून राहिल्या?”

“हो.”

“शिवीच्या उजव्या अंगाला बसवा मंग. हळद उजव्या हातानं लावत्यात. आन् मान खाली नका काढू. त्या दिवशी बी मी वरच बगत व्हते. खाली बगा म्हनून तुमीच म्हनला व्हता.”

तनुजा म्हणाली, “पंचमीला शिवांगी माहेरी येईल. तिची ओटी तुम्ही भरायची. मी आईशी बोलते.”

“मागं बी बोलते म्हनला व्हता.”

“हो. म्हटलं होतं.”

तवा चुलीवर ठेवल्याचा आवाज आला. “या तर आदी,” शिवकन्या म्हणाली. “आल्यावर बगू.” आणि तिने फोन ठेवला.

तनुजाने संगणकावर चित्र उघडले. नवी आकृती काढली, पिवळी, मान वर, उजवा हात पुढे. ती उचलून तिने अंगणात नेली. पाटाच्या उजव्या अंगाला जागा नव्हती. नवरीच्या अगदी जवळ, सगळ्यांच्या पुढे, वेणी घातलेली एक आकृती बसली होती. तिथे तिने स्वतःला काढले होते.

तिने ती आकृती निवडली आणि तिला मागे सरकवायला सुरुवात केली.